विश्लेषण : ‘टेक द ए ट्रेन’ नेमके कोणाचे? ड्यूक एलिंग्टन यांच्या नावामागे राहिलेले बिली स्ट्रेहॉर्न

जॅझ म्हणजे काय हे नीट सांगता न येणाऱ्या अनेकांच्या कानावरूनही ‘टेक द ए ट्रेन’ची धून कधी तरी गेलेली असते. मोबाइलवर ती शोधली की सर्वांत आधी एकच नाव दिसते, ड्यूक एलिंग्टन. अमेरिकी जॅझमधील या सर्वांत मोठ्या वाद्यवृंदप्रमुखाची ही ओळखधून होती, त्यामुळे ती त्यांनीच रचली असणार, असे ऐकणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती रचली बिली स्ट्रेहॉर्न यांनी. एलिंग्टन यांच्यासोबत त्यांनी २८ वर्षे काम केले आणि जॅझमधील काही सर्वांत देखण्या रचना लिहिल्या. त्यांचे नाव मात्र जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही.

ही केवळ विस्मरणाची गोष्ट नाही. एलिंग्टन यांचा स्ट्रेहॉर्न यांच्यावर जीव होता, याबद्दल वाद नाही. पण प्रेम आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली दिल्याने दुसरीचे देणे फिटत नाही. स्ट्रेहॉर्न यांचे आयुष्य पाहिले की हे स्पष्ट होते.

कोण होते बिली स्ट्रेहॉर्न?

विल्यम थॉमस स्ट्रेहॉर्न यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९१५ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथे झाला. बालपण पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग या पोलाद कारखान्यांच्या शहरात गेले. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणीचा काही काळ ते नॉर्थ कॅरोलिनातील हिल्सबरो येथे आजीकडे राहत. आजीच्या घरी पियानो होता आणि त्याच पियानोवर त्यांची पहिली ओळख सुरांशी झाली.

पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाऊस हायस्कूलमध्ये त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताचे धडे घेतले. अभिजात संगीताचा रचनाकार व्हायचे, हे त्यांचे स्वप्न होते. पण १९३०च्या दशकातील अमेरिकेत सिम्फनी वाद्यवृंदांचे जग गोऱ्यांचे होते. कृष्णवर्णीय तरुणाला तिथे दार उघडे नव्हते. स्ट्रेहॉर्न औषधाच्या दुकानात काम करत, घरोघरी माल पोहोचवत आणि उरलेल्या वेळात संगीत लिहीत. १९३५ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, त्यांनी ‘फँटॅस्टिक ऱ्हिदम’ नावाचे आख्खे संगीतनाटक लिहून काढले.

याच काळात त्यांनी ‘लश लाइफ’ हे गाणे लिहायला घेतले. प्रेमात हरलेला, मद्यालयांच्या कोपऱ्यांत आयुष्य काढायला निघालेला एक थकलेला माणूस या गाण्यात बोलतो. शब्द आणि संगीत दोन्ही स्ट्रेहॉर्न यांचे. ज्याने अजून फारसे जग पाहिले नव्हते, त्या मुलाने ते लिहिले यावर आजही विश्वास बसत नाही. पुढे १९४९ मध्ये नॅट किंग कोल यांनी आणि १९६३ मध्ये जॉन कोल्ट्रेन व जॉनी हार्टमन या जोडीने ध्वनिमुद्रित केल्यावर हे गाणे जॅझ गायकांच्या परीक्षेचे गाणे झाले.

एलिंग्टन यांच्याशी भेट कशी झाली?

डिसेंबर १९३८. एलिंग्टन यांचा वाद्यवृंद पिट्सबर्गच्या स्टॅन्ली थिएटरमध्ये आला होता. ओळखीतून २३ वर्षांच्या स्ट्रेहॉर्न यांना रंगमंचामागे त्यांना भेटण्याची संधी मिळाली. त्यांनी पियानोवर एलिंग्टन यांचेच ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ वाजवले, आधी हुबेहूब एलिंग्टन वाजवतात तसे. नंतर तेच गाणे स्वतःच्या पद्धतीने वाजवून दाखवले. समोर बसलेल्या माणसाला त्याचीच रचना नव्या कपड्यांत दिसली.

एलिंग्टन यांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावले आणि हार्लेम भागातील घरी कसे पोहोचायचे हे सांगितले. त्या सूचनांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील ‘ए’ गाडीचा उल्लेख होता. मुंबईकराच्या भाषेत ही ‘फास्ट’ गाडी. त्यावरूनच पुढे ‘टेक द ए ट्रेन’ लिहिले गेले.

१९३९ मध्ये स्ट्रेहॉर्न न्यूयॉर्कला आले आणि एलिंग्टन कुटुंबाचाच भाग झाले. वाद्यवृंदातील मंडळी त्यांना ‘पॉपाय’ कार्टूनमधील बाळाच्या नावावरून ‘स्वी पी’ म्हणू लागली. मात्र त्यांचे पद काय, पगार किती, कोणत्या कामाचे किती पैसे, याचा स्पष्ट करार झाला नाही. घरभाडे, कपडे, प्रवास असा खर्च एलिंग्टन उचलत. वरवर पाहता ही चैन होती. पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळही तिथेच होते. जिथे सगळे काही आपुलकीवर चालते, तिथे हिशेब मागणे म्हणजे नात्यावर अविश्वास दाखवणे ठरते.

१९४१चा रेडिओ वाद काय होता?

‘टेक द ए ट्रेन’ गाजण्यामागे संगीताइतकाच एक व्यावसायिक वाद कारणीभूत आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणी वाजवण्यासाठी रचनाकारांच्या ‘अ‍ॅस्कॅप’ या संघटनेला शुल्क द्यावे लागे. संघटनेने शुल्कात मोठी वाढ मागितली आणि रेडिओ कंपन्यांनी ती नाकारली. १ जानेवारी १९४१ पासून अ‍ॅस्कॅपच्या सदस्यांच्या रचना मोठ्या रेडिओ जाळ्यांवरून गायब झाल्या. रेडिओ कंपन्यांनी ‘बीएमआय’ ही स्वतःची पर्यायी संस्था आधीच उभी केली होती.

एलिंग्टन अ‍ॅस्कॅपचे सदस्य होते. म्हणजे स्वतःच्याच रचना त्यांना रेडिओवर वाजवता येईनात. त्या काळात रेडिओ म्हणजे वाद्यवृंदाचा श्वास होता. मग रेडिओवर चालतील अशा रचनांचा जवळजवळ संपूर्ण नवा साठा उभा करण्याची जबाबदारी अ‍ॅस्कॅपचे सदस्य नसलेल्या दोघांवर आली : एलिंग्टन यांचा मुलगा मर्सर आणि स्ट्रेहॉर्न. ‘चेल्सी ब्रिज’, ‘रेन चेक’ या रचना याच काळातल्या. ‘टेक द ए ट्रेन’ स्ट्रेहॉर्न यांना फार जुन्या वळणाचे वाटले होते आणि त्यांनी तो कागद टाकून दिला होता, आपण तो कचऱ्यातून उचलला, अशी आठवण मर्सर सांगत.

१५ फेब्रुवारी १९४१ रोजी ही रचना ध्वनिमुद्रित झाली आणि लवकरच ती वाद्यवृंदाची ओळखधून बनली. पुढे तीन दशकांहून अधिक काळ, एलिंग्टन १९७४ मध्ये जाईपर्यंत, त्यांचे कार्यक्रम याच धुनेने ओळखले गेले. अडचणीच्या वर्षात वाद्यवृंद तगला तो मोठ्या प्रमाणात स्ट्रेहॉर्न यांच्या लेखणीवर. श्रोत्यांसाठी मात्र ती ‘ड्यूक यांची’ धून झाली.

त्यांच्या संगीतात वेगळे काय?

‘ए ट्रेन’ची सुरुवात ऐकल्यास हे सहज कळते. धून पंचमावरून उडी घेऊन वरच्या गंधाराला जाते, शुद्ध स्वरांतच फिरते आणि तिसऱ्या टप्प्यावर अचानक कोमल धैवताच्या जागी येऊन थांबते. सरळ रुळावरून चाललेल्या गाडीने सांधा बदलावा तसा हा क्षण आहे. ऐकणाऱ्याला व्याकरण माहीत नसले तरी कान टवकारतात. पुढच्याच टप्प्यात धून पुन्हा सुखरूप घरी येते.

स्ट्रेहॉर्न यांची खरी ताकद हार्मनीत, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची सांगड घालण्यात होती. आपल्याकडे एका सुरावटीचा विस्तार होतो. पाश्चात्त्य रचनेत सुरावटीच्या खाली दुसरे स्वर ठेवून तिचा अर्थ बदलता येतो. तोच स्वर वर कायम ठेवून खालची जमीन सरकवली की आनंदी वाक्य उदास होते. द्यब्युसी आणि रॅव्हेल या फ्रेंच रचनाकारांचा अभ्यास करून आलेल्या स्ट्रेहॉर्न यांना ही जमीन सरकवण्याची कला अवगत होती. ‘लश लाइफ’ ऐकताना पायाखालचे सारखे काही तरी हलत राहते, ते याचमुळे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची विशिष्ट माणसासाठी लिहिण्याची पद्धत. ही सवय एलिंग्टन यांचीही होती. आल्टो सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस यांचा रेशमी, घसरत जाणारा सूर डोक्यात ठेवून स्ट्रेहॉर्न यांनी ‘डे ड्रीम’, ‘इस्फहान’ आणि ‘ब्लड काउंट’ या रचना लिहिल्या. नाटककाराने नट ठरवून भूमिका लिहावी, तसे हे होते.

श्रेय नेमके कुठे हरवले?

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आणि त्या वेगवेगळ्याच समजून घ्याव्या लागतील.

पहिली, सहश्रेय. ‘समथिंग टू लिव्ह फॉर’ हे गाणे स्ट्रेहॉर्न यांनी एलिंग्टन यांना भेटण्याआधीच लिहिले होते. १९३९ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा रचनाकार म्हणून दोघांची नावे आली. वाद्यवृंदप्रमुखाने सदस्याच्या रचनेवर आपलेही नाव घालणे ही त्या काळातील सर्रास चालणारी पद्धत होती. पद्धत सर्रास असली म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

दुसरी, अनुल्लेख. १९५९च्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ या चित्रपटाच्या संगीतात स्ट्रेहॉर्न यांचा वाटा होता. संगीतकार म्हणून पडद्यावर नाव आले एलिंग्टन यांचे. या संगीतासाठीचे तीन ग्रॅमी पुरस्कारही एलिंग्टन यांच्याच नावावर नोंदले गेले.

तिसरी, कायद्यातील धूसर जागा. १९५३च्या ‘सॅटिन डॉल’ या प्रसिद्ध रचनेची सुरावट एलिंग्टन यांच्या नावे नोंदली गेली होती. तिच्या हार्मनीवर स्ट्रेहॉर्न यांचा हक्क किती, हा प्रश्न दोघेही गेल्यानंतर न्यायालयात पोहोचला. सुरावट म्हणजेच रचना आणि हार्मनी हा केवळ साज, असा युक्तिवाद होता. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयाने हार्मनीला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळूच शकत नाही, असे सरसकट म्हणण्यास नकार दिला. ज्या माणसाची सगळी प्रतिभा त्या ‘साजा’त होती, त्याच्यासाठी हा मुद्दा किती मोलाचा होता हे वेगळे सांगायला नको. तो ऐकायला ते हयात नव्हते.

१९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात स्ट्रेहॉर्न काही काळ एलिंग्टन यांच्यापासून दूर झाले. परतल्यानंतर परिस्थिती थोडी सुधारली. शेक्सपिअरच्या पात्रांवर आधारित ‘सच स्वीट थंडर’ हा १९५७चा संच आणि चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’चा १९६०चा जॅझ अवतार यांवर दोघांचीही नावे आली. म्हणजे श्रेय देणे शक्य होते. ते देण्याची इच्छा झाली, तेव्हा दिले गेले.

मग एलिंग्टन दोषी आहेत का?

एलिंग्टन यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. त्यांनी मंचावरून स्ट्रेहॉर्न यांचे कौतुक वारंवार केले. आत्मचरित्रातही त्यांच्याबद्दल भरभरून लिहिले. स्वतः एलिंग्टन यांनाही वर्णभेदाने कायम एक पायरी खाली ठेवले. १९६५ मध्ये पुलित्झरच्या संगीत परीक्षकांनी त्यांचा विशेष गौरव करण्याची शिफारस केली आणि मंडळाने ती फेटाळली. हा सन्मान त्यांना १९९९ मध्ये, मृत्यूनंतर २५ वर्षांनी मिळाला. एका कृष्णवर्णीय कलावंताला मोठे नाव टिकवण्यासाठी किती झगडावे लागत असेल, याची कल्पना यावरून यावी.

दुसरी बाजू स्ट्रेहॉर्न यांच्या खासगी आयुष्याची आहे. ते समलैंगिक होते आणि ते लपवत नसत. १९४०च्या दशकात पियानोवादक ॲरन ब्रिजर्स यांच्यासोबत ते न्यूयॉर्कमध्ये उघडपणे राहत होते. त्या काळी अमेरिकेतील प्रत्येक राज्यात समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. चरित्रकार डेव्हिड हायडू यांनी १९९६च्या ‘लश लाइफ’ या चरित्रात असे मांडले आहे की, प्रकाशझोताबाहेर राहिल्यामुळेच स्ट्रेहॉर्न यांना आपल्या मनाप्रमाणे जगता आले. वाद्यवृंदाचे प्रमुख झाले असते तर मुलाखती, छायाचित्रे आणि प्रश्न टळले नसते. एलिंग्टन यांनी त्यांना या बाबतीत कधी अडवले नाही.

हे मत पटण्यासारखे आहे. पण त्याचा उपयोग अनेकदा चुकीच्या निष्कर्षासाठी केला जातो : त्यांनाच पडद्यामागे राहायचे होते, मग तक्रार कसली? प्रसिद्धी नको असणे आणि श्रेय नको असणे यांत फरक आहे. मंचावर न येणारा माणूसही तबकडीच्या वेष्टनावर आपले नाव असावे अशी अपेक्षा करू शकतो. शिवाय नाव की निर्धास्त जगणे, यांतून एकच निवडायला लावणारा समाज असेल, तर त्या निवडीला स्वेच्छा म्हणता येत नाही.

ते काही अंग चोरून राहणारे गृहस्थ नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी त्यांचा स्नेह होता, गायिका लीना हॉर्न यांच्याशी घनिष्ठ मैत्री होती. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या नागरी हक्कांच्या ऐतिहासिक मोर्चात ते सहभागी झाले होते.

भारताशी त्यांचे नाते काय?

या मोर्चानंतर काही दिवसांतच स्ट्रेहॉर्न एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदासोबत लांबच्या दौऱ्यावर निघाले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी परराष्ट्र खाते जॅझ कलावंतांना सांस्कृतिक दूत म्हणून पाठवत असे. सीरिया, जॉर्डन, अफगाणिस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, इराण, इराक, लेबनॉन अशा देशांतून हा दौरा गेला. भारतात दिल्ली, मद्रास, मुंबई, कलकत्ता अशा शहरांत वाद्यवृंद आला. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि तुर्कस्तानात असतानाच दौरा आटोपता घ्यावा लागला.

या प्रवासातून ‘फार ईस्ट सूट’ हा संच तयार झाला. डिसेंबर १९६६ मध्ये तीन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. नावात अतिपूर्व असले तरी त्यातील बहुतेक ठिकाणे पश्चिम आणि दक्षिण आशियातील आहेत. संचातील ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ या रचनेमागे एक साळुंकी आहे. दिल्लीत स्ट्रेहॉर्न यांच्या खोलीजवळ ती एकच लकेर पुन्हा पुन्हा घालत असे. जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटवर ती लकेर येते, वाद्यवृंद आपल्या चालीने पुढे जात राहतो आणि पक्षी मधूनमधून टोकत राहतो. ‘आग्रा’ ही रचना ताजमहालावर आहे आणि ती हॅरी कार्नी यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनच्या खर्जात उभी राहते.

भारतीय रागांची किंवा सतारीची नक्कल यात कुठेही नाही. पाहुण्याने चार दिवसांत यजमानाची भाषा येत असल्याचा आव आणू नये, एवढे भान या संगीतात आहे. याच संचातील सर्वांत गाजलेली रचना ‘इस्फहान’ तर दौऱ्याच्या आधीच, १९६३च्या उन्हाळ्यात, वेगळ्या नावाने तयार होती. इराणमधील शहराचे नाव तिला नंतर मिळाले. या संचाला ग्रॅमी मिळाले तेव्हा स्ट्रेहॉर्न या जगात नव्हते.

शेवटची रचना कोणती?

१९६४ मध्ये त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान झाले. रुग्णालयात असतानाही ते लिहीत राहिले. शेवटच्या पूर्ण रचनेचे नाव ‘ब्लड काउंट’, म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावरील शब्द. ३१ मे १९६७ रोजी वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर काही महिन्यांतच एलिंग्टन यांनी ‘अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल’ हा संच ध्वनिमुद्रित केला. तो स्ट्रेहॉर्न यांच्या रचनांना वाहिलेला होता. एका सत्राच्या अखेरीस वादक वाद्ये पेट्यांत भरत होते, गप्पा सुरू होत्या आणि एलिंग्टन एकटेच पियानोवर स्ट्रेहॉर्न यांचे ‘लोटस ब्लॉसम’ वाजवू लागले. ध्वनिमुद्रण सुरूच होते. मागचा आवाज हळूहळू विरत जातो आणि फक्त पियानो उरतो. हा संच ऐकल्यावर एलिंग्टन यांच्या प्रेमाबद्दल शंका राहत नाही. मात्र संपूर्ण संच आपल्याच रचनांचा असावा, हा मान स्ट्रेहॉर्न यांना या वाद्यवृंदाकडून मिळाला तो मृत्यूनंतर, हेही तितकेच खरे. हयातीत त्यांच्या वाट्याला स्वतःच्या नावाचे मोजकेच काम आले. १९६१ मध्ये पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘द पीसफुल साइड’ हा शांत, जवळजवळ एकांतातला संच त्यापैकी एक.

हस्तलिखितांनी काय सिद्ध केले?

एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न एकमेकांत इतके मिसळले होते की कोणी काय लिहिले हे सांगणे अशक्य, ही समजूत वर्षानुवर्षे कौतुकाने सांगितली गेली. दोन देह, एक मन अशी ही गोड कहाणी. तिचा तोटा मात्र दोघांपैकी एकालाच झाला. वेगळे करता येत नाही म्हटले की सगळे मोठ्या नावाच्या खात्यात जमा होते.

एलिंग्टन यांची कागदपत्रे १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आली. डच अभ्यासक वॉल्टर व्हान डे लूर यांनी ती आणि स्ट्रेहॉर्न यांच्या वारसांकडील कागद पानपान तपासले. कोणती नोटेशन कोणाच्या हस्ताक्षरात आहे, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला. हस्ताक्षरावरून रचना वेगळ्या झाल्या आणि मग दोघांच्या शैलीही वेगळ्या दिसू लागल्या. एलिंग्टन यांचे समजले जाणारे काही काम स्ट्रेहॉर्न यांच्या हातचे निघाले. कधीच न वाजलेल्या रचनाही सापडल्या आणि त्यांपैकी काही १९९०च्या दशकात डच जॅझ ऑर्केस्ट्राने ध्वनिमुद्रित केल्या. व्हान डे लूर यांचा अभ्यास २००२ मध्ये पुस्तकरूपाने आला. जे सांगणे अशक्य मानले जात होते, ते कागद उघडून पाहिल्यावर बऱ्याच अंशी सांगता आले.

मुंबईच्या स्टुडिओंची आठवण का होते?

ही गोष्ट वाचताना मराठी वाचकाला हिंदी चित्रपटसंगीतातील गोमंतकीय वादक आणि संगीत संयोजक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या १९५१च्या ‘अलबेला’मधील जॅझच्या ठसक्यामागे हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे त्यांचे नाव देशाच्या तोंडी आले, पण ते कोण होते हे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते.

दोन्हीकडची परिस्थिती तंतोतंत सारखी नाही. मुंबईतील संयोजक संगीतकाराने दिलेल्या चालीला वाद्यांचे रूप देत. स्ट्रेहॉर्न अनेकदा मूळ रचनाच लिहीत. पण श्रेयाचे गणित सारखेच होते : दर्शनी पाटीवर एक नाव, आणि आत काम करणारे कधी ‘सहाय्यक’, तर कधी अनामिक. भारतात २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा मानधनातील वाटा कायद्याने सुरक्षित केला. संगीत संयोजकाला मात्र रचनेचा कर्ता असा स्वतंत्र दर्जा आजही नाही.

मोबाइलच्या काळात काय बदलले?

आज प्रत्येक गाण्यासोबत त्याची माहितीही प्रवास करते. तिला मेटाडेटा म्हणतात. ध्वनिमुद्रणाला एक सांकेतिक क्रमांक असतो, तो आयएसआरसी. मूळ रचनेला वेगळा क्रमांक असतो, तो आयएसडब्ल्यूसी. एकाच ‘ए ट्रेन’ची शेकडो ध्वनिमुद्रणे असली तरी रचना एकच आणि तिचा रचनाकारही एकच, हे या दोन क्रमांकांमुळे यंत्राला कळते. म्हणजे स्ट्रेहॉर्न यांच्या काळात जे कोणाच्या तरी मर्जीवर होते, ते आज एका रकान्यात नोंदवता येते.

अडचण दाखवण्याच्या पद्धतीत आहे. ॲपच्या पडद्यावर ठळक दिसते ते कलाकाराचे नाव. रचनाकाराचे नाव पाहायला आणखी एक-दोन वेळा बोट टेकवावे लागते, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. शिवाय रकाना कोणी तरी भरावा लागतो. १९३९ मध्ये चुकीचे भरलेले नाव आजच्या यंत्रात तसेच उतरते, कारण यंत्र हस्ताक्षर तपासत नाही. तंत्रज्ञानाने श्रेय नोंदवण्याची जागा दिली आहे, ते खरे आहे की नाही हे माणसांनाच पाहावे लागते.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

- ‘टेक द ए ट्रेन’ : १९४१चे मूळ ध्वनिमुद्रण. जेमतेम तीन मिनिटांचे.
- ‘लश लाइफ’ : कोल्ट्रेन-हार्टमन, १९६३. रात्री, हेडफोन लावून.
- ‘चेल्सी ब्रिज’ : हार्मनीची जमीन सरकते म्हणजे काय, हे कळण्यासाठी.
- ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ आणि ‘इस्फहान’ : ‘फार ईस्ट सूट’मधील, एकापाठोपाठ.
- ‘ब्लड काउंट’ : १९६७चे, हॉजेस यांच्या सॅक्सोफोनवर. हे सर्वांत शेवटी ऐकावे.

पुढे काय?

स्ट्रेहॉर्न यांचे नाव आता अगदीच अंधारात नाही. त्यांची कागदपत्रे २०१८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आली आणि अभ्यासकांसाठी खुली होण्याची वाट मोकळी झाली. पण ही उशिरा झालेली भरपाई आहे आणि ती शक्य झाली कारण कागद शिल्लक होते. मुंबईच्या स्टुडिओंत वाजलेल्या कित्येक गाण्यांची नोटेशन काम झाल्यावर कोणी जपून ठेवली नाहीत. त्या संयोजकांसाठी उद्या एखादा अभ्यासक हस्ताक्षर तपासायला आला, तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

म्हणून श्रेयाचा प्रश्न माणूस हयात असताना, काम सुरू असताना आणि कागदावरच सुटायला हवा. तो गाण्यात असो, चित्रपटात असो वा कार्यालयातील सादरीकरणात. सहकाऱ्याबद्दल मंचावरून चार चांगले शब्द बोलणे चांगलेच, पण ते टाळ्यांसोबत विरतात. एलिंग्टन यांनी हे शब्द आयुष्यभर उच्चारले. तरीही त्यांची ओळखधून रचणाऱ्या माणसाचे नाव आज विश्लेषण करून सांगावे लागते.